मानेवरचा हात

डोकं पुढे वाकवायला म्हणून केस कापणाऱ्या बाईने तिच्या मानेवर हात ठेवला, आणि ती खुर्चीतून अशी उसळली की कंगवे, चिमटे, पाण्याची बाटली सगळं ट्रेसकट जमिनीवर आलं. बाईच्या हातात होती म्हणून कात्री तेवढी वाचली. बाई बिचारी दोन्ही हात वर करून मागे सरकली. "काय झालं ताई? लागलं का कुठे?" लागलं नव्हतं. "मग?" आरशात गळ्यापर्यंत काळं कापड पांघरलेली एक मध्यमवयीन बाई उभी होती, उजवीकडचे केस कानाशी कापलेले, डावीकडचे अजून खांद्यावर, डोळे भूत बघितल्यासारखे. शेजारच्या खुर्चीतल्या आजीबाई म्हणाल्या, "गुदगुल्या झाल्या असतील हो, काहींना मानेला फार गुदगुल्या होतात." सगळ्या हसल्या. तीही हसली. आणि ते हसू तिच्या स्वतःच्या कानांवर पडलं. हे हसू तिच्या ओळखीचं होतं. जुनंच होतं, धुऊन घडी घालून ठेवलेलं, वेळेला बरोबर हाताला लागलं होतं. तिने कापड ओढून काढलं, पूर्ण पैसे ठेवले. "अहो ताई, अर्धेच झालेत! असं कसं जाता?" बाई दारापर्यंत मागे आली. "राहू दे," ती म्हणाली आणि तशीच रस्त्यावर उतरली.

बसमध्ये लोक बघत होते. बघेनात का. तिचं लक्ष मानेकडे होतं, जिथे त्या बाईचा गार, ओलसर हात टेकला होता आणि जिथे त्या हाताच्या खालून दुसराच एक हात वर आला होता: कोरडा, गरम, पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास असलेला. त्याचा अंगठा कानामागच्या खळगीत येऊन बसायचा. अगदी नेमका, जणू ती खळगी त्याच्यासाठीच ठेवलेली. "बघू दे बाळ, काय दिसतंय." मायक्रोस्कोपवर बसणाऱ्या माणसाला पाठ नसते, हे ती नव्या विद्यार्थ्यांना गमतीने सांगायची. डोळे दोन नळ्यांना चिकटलेले, खोलीत मिट्ट काळोख, यंत्रांची घरघर, मागून कोण आलं ते कळायचा संबंधच नाही. खांद्यावर थाप मारू नका रे कुणाच्या, दचकून स्लाइड फुटते. गमतीने सांगायची! इतकी वर्षं ती ही गोष्ट गंमत म्हणून सांगत आली होती आणि पोरं खिदळत होती आणि एकाही पोराला विचारावंसं वाटलं नव्हतं की मॅडम, तुम्हाला कसं ठाऊक.

तेव्हा ती स्वतः विद्यार्थिनी होती आणि सर तिचे गाइड होते. सर म्हणजे नुसते सर. संस्थेत डझनावारी सर असले तरी आडनाव न लावता सर म्हटलं की तेच. त्या दिवशी तिला महिनोन् महिने हुलकावणी देणारी गोष्ट सापडली होती. एक पेशी नेमकी दुभंगण्याच्या क्षणी. काळ्याभोर पडद्यावर हिरवे धागे दोन टोकांकडे ताणलेले, मध्ये निळे ठिपके ओळीने उभे. चित्र घेताना यंत्राला जराही धक्का चालत नाही. बटण दाबायचं आणि श्वास रोखून बसायचं. तिने बटण दाबलं, श्वास रोखला, आणि मानेवर हात आला. अंगठा खळगीत. बाकीची बोटं कॉलरच्या आत. "हलू नकोस," सर कानाशी म्हणाले, "चित्र बिघडेल." ती हलली नाही. चित्र सुंदर आलं. ते मोठ्या मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलं, सरांना त्यावर पदक मिळालं, आणि संस्थेच्या मुख्य दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर माणसाच्या उंचीचं ते अजून लटकतंय. येणारे पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. ती रोज त्याच्यावरून जाते. आज बसच्या खिडकीशी बसल्या बसल्या तिला पहिल्यांदा वाटलं, त्या काचेवर खुर्ची घालावी.

मग तो हात येतच राहिला. कधी मानेवर, कधी पाठीवर, कधी खुर्चीच्या कडेने. आली गोष्ट अंगावर घ्यायची नाही, झटकायचीही नाही. हसायचं, सरकायचं, "सर, मी जरा सोल्युशन घेऊन येते" म्हणायचं. सोल्युशन आणायला ती इतक्या वेळा उठली असेल की तेवढ्यात तलाव भरला असता. तिच्या बरोबरची एक मैत्रीण होती, जिभेची तिखट. ती म्हणायची, "अगं खुर्ची मागे ढकल ना जोरात, पायाच्या बोटांवर चाक गेलं की आपोआप अक्कल येईल." दोघी पोट धरून हसल्या होत्या. पुढे त्या मैत्रिणीने थिसिस अर्धवट टाकला आणि लग्न ठरलंय असं सांगून निघून गेली. लग्न काही ठरलेलं नव्हतं. इकडे तिने आपल्या आईला सांगायचा प्रयत्न एकदा केला. आई भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मोठ्या माणसांशी वाकडं घेऊ नये. मान खाली घालून काम करावं, डिग्री हातात पडली की आपली वाट आपण." मान खाली घालून! आईला काय माहीत की सगळं मान खाली घातल्यामुळेच सुरू झालंय.

डिग्री हातात पडली. ती दूर गेली, दुसऱ्या शहरात राबली, लग्न केलं, आणि या संस्थेत मायक्रोस्कोप विभागाची जागा निघाली तेव्हा परत आली. परत का आलीस, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं उत्तर होतं की इतकी देखणी यंत्रं दुसरीकडे नव्हती, आणि ती यंत्रं सरांची नव्हती, तिची होती. त्यांचा आवाज ऐकून ती कुठला पंखा आजारी आहे ते सांगू शकायची. सरांनी तिचं स्वागत केलं, सगळ्यांसमोर "माझं बाळ परत आलं" म्हणाले, पण हात काही आला नाही. पुढेही आला नाही. ती आता विभागप्रमुख होती, चष्मा लागला होता, अंगाने भरली होती. संपलं ते, असं तिने स्वतःला सांगून टाकलं होतं. लोकांची मती वयाबरोबर ठिकाणावर येते.

बस सिग्नलला थांबली आणि तिला ती पोरगी आठवली. सरांची आताची विद्यार्थिनी. उंच, हडकुळी, बोलताना बाहीची टोकं ओढत राहणारी. गेल्या आठवड्यात ती दाराशी घोटाळत उभी होती. "मॅडम, डार्करूमचं दार थोडं उघडं ठेवून काम केलं तर चालेल का?" आणि मॅडमनी काय उत्तर दिलं? "अगं, उजेडाने सॅम्पल फिकं पडतं, एवढं तरी शिकलीस की नाही?" पोरगी म्हणाली, "हो मॅडम. सॉरी." आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं. गळ्याभोवती तिने जाडजूड रुमाल गुंडाळला होता. एसी लागतो, म्हणायची. बाहेर लोक घामाने निथळत होते आणि ही मान गुंडाळून बसायची, आणि जिने आयुष्यभर डोळ्यांची भाकरी खाल्ली तिला ते दिसलं नाही. संपलं नव्हतं काही. फक्त हात पुढच्या खुर्चीवर गेला होता.

राग असा आला की तिला एक थांबा आधीच उतरावं लागलं. बसून राहणं अशक्य होतं. ती ताडताड चालत सुटली. सरांचा राग, संस्थेचा राग, त्या मैत्रिणीच्या न ठरलेल्या लग्नाचा राग, आईच्या भाजीचा राग, गुदगुल्या म्हणणाऱ्या आजीबाईंचा राग. स्वतःचा सुद्धा, पण तो तिने मागे ढकलला. आधी तोच रांगेत पुढे घुसतो, मग बाकीच्यांना वेळ उरत नाही. आणि आज दुपारीच संस्थेत एक बैठक होती. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या मंडळाने नवा नियम काढला होता: काम करायची जागा छळमुक्त आहे याची खात्री द्या, तरच पुढचा निधी. मंडळाची एक अधिकारी बाई स्वतः येणार होती. त्यासाठी संस्थेने एक समिती नेमली होती. समितीचे अध्यक्ष सर.

ती संस्थेत पोहोचली तेव्हा पोरगी तयारीच्या खोलीत स्लाइड धूत होती. मॅडमना बघून आधी केसांकडे बघितलं, मग नजर वळवली. मॅडमनी दार लावलं नाही, उघडंच ठेवलं. "सर डार्करूममध्ये येतात का, तू काम करताना?"

पोरगीचा हात नळाखाली तसाच राहिला. मग नळ बंद करत म्हणाली, "गाइड आहेत. येणारच ना."

"हात कुठे ठेवतात?"

पोरगीने ओल्या हाताने रुमाल घट्ट केला, आणि तेवढं पुरे होतं.

"मॅडम, प्लीज," ती एकदम भराभर बोलायला लागली, "माझं नाव घेऊ नका. माझं एक वर्ष राहिलंय. थिसिसवर त्यांचीच सही लागते. घरी कळलं तर मला परत नेतील, म्हणतील तुला सांगितलंच होतं. मला काही तक्रार नाही करायची. मला फक्त दार उघडं हवं होतं."

"तुझं नाव मी घेणार नाही."

"मग काय सांगणार तुम्ही?"

"माझं सांगेन. माझ्याकडे पुष्कळ आहे."

बैठकीच्या खोलीत लांब टेबल, बिस्किटांच्या बशा, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. डोक्याशी संचालक, त्यांच्या उजव्या हाताला सर, डाव्या हाताला मंडळाची अधिकारी, तिशीची, लॅपटॉप उघडून बसलेली. ती आत शिरली तेव्हा सगळ्यांची नजर तिच्या डोक्यावर जाऊन पुन्हा बिस्किटांवर आली. कुणी विचारलं नाही. सरांचे केस पांढरेशुभ्र झाले होते आणि ते त्यांना शोभत होते. त्यांनी छान भाषण केलं. आवाज मुळातच मऊ. संस्था म्हणजे एक कुटुंब, इथे मुली रात्री-अपरात्री निर्धास्त काम करतात, स्थापनेपासून आजवर छळाची एकही तक्रार आलेली नाही, ही आम्हा सर्वांच्या अभिमानाची गोष्ट. टेबलाभोवती माना डोलल्या. "आता ही आमची मायक्रोस्कोपवाली," सर तिच्याकडे हात करून अधिकारी बाईंना म्हणाले, "हिलाच विचारा. माझ्या हाताखाली घडलेली आहे."

"हो," ती म्हणाली, "हाताखालीच."

आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला. सर हसले. त्यांना काहीतरी गोड पुढे येणार असं वाटलं असावं.

"सर मायक्रोस्कोपवर काम करणाऱ्या मुलींच्या मागून येतात," ती अधिकारी बाईंकडे बघून म्हणाली, "आणि मानेवर हात ठेवतात. कॉलरच्या आत. आपले डोळे यंत्राला लागलेले असतात, हात बटणांवर असतात, आपण उठू शकत नाही. माझ्या बाबतीत हे थिसिस संपेपर्यंत चाललं. नुसतं मानेवर थांबलं असंही नाही. बाकीचं मी जिथे लिहून घेतलं जाईल तिथे सांगेन. तक्रार एकही नाही, ते बरोबर आहे. तक्रार करायची कुणाकडे? अध्यक्ष हेच."

खोलीत बाटलीचं झाकण फिरवल्याचा आवाज झाला. संचालक ते फिरवत होते. मग सर पुढे झुकले. चेहऱ्यावर काळजी होती, खरीखुरी वाटावी अशी. "बाळ," ते म्हणाले, "तुझी तब्येत बरी आहे ना? घरी सगळं ठीक?" आणि त्यांनी फक्त तिच्या केसांकडे बघितलं. एवढंच केलं. आणि सगळं टेबल परत तिच्या केसांकडे बघायला लागलं, या वेळी बिनदिक्कत. एकीकडे तोकडे, एकीकडे लांब. वेडी. चाळिशी उलटली की होतं बायकांना असं. ती ते सगळं त्यांच्या चेहऱ्यांवर वाचत होती, छापल्यासारखं स्वच्छ.

"केस आज सकाळी अर्धवट राहिले, सर," ती म्हणाली. "कापणाऱ्या बाईने मानेवर हात ठेवला म्हणून. तुम्ही लावलेली सवय. इतक्या वर्षांनी सुद्धा जात नाही."

"पण मॅडम," संचालक घसा खाकरत म्हणाले, "तेव्हाच का नाही बोललात? एकदा ओरडायचं की. बाजूच्या खोलीत माणसं असायची."

"चित्र घेत होते. हलले असते तर बिघडलं असतं." तिने दाराकडे बोट केलं. "तेच चित्र, खाली भिंतीवर आहे ते. तुम्ही त्याच्यापुढे पाहुण्यांचे फोटो काढता."

अधिकारी बाईंनी विचारलं, "ही तक्रार म्हणून धरायची का?"

"हे आपण अंतर्गत पातळीवर—" संचालक म्हणाले.

"मी त्यांना विचारतेय."

"हो," ती म्हणाली. "तक्रार आहे."

बाहेर येताच एका सहकाऱ्याने तिला व्हरांड्यात गाठलं. भला माणूस, यंत्र बिघडलं की गोड बोलून आपलं काम आधी करून घेणारा. "धीराचं काम केलंत," तो आवाज खाली आणून म्हणाला, "सगळ्यांना थोडंफार ठाऊक होतंच म्हणा. पण वेळ चुकली हो. निधीचं अडलं तर पोरांचे पगार थांबतील." सगळ्यांना ठाऊक होतंच म्हणा! हे तो असं म्हणाला, जसं हवामान सांगतात. "वेळ बरोबर कुठली असते ते एकदा कळवा," ती म्हणाली. "त्या वेळेला पुन्हा येईन." आणि खाली जाऊन तिने पहिलं काम केलं ते म्हणजे डार्करूमच्या कुलुपातून सरांच्या कार्डाची परवानगी काढून टाकली. संध्याकाळच्या आत संचालकांचा फोन आला. तुम्हाला हा अधिकार कुणी दिला? "तुम्हीच," ती म्हणाली. "आत धूळ, धक्का आणि नको ती माणसं जाऊ द्यायची नाहीत, असं माझ्या नेमणुकीतच आहे." 'नको ती माणसं' हे तिने आपल्या पदरचं घातलं होतं. संचालकांनी तपासलं नाही.

घरी नवऱ्याने दार उघडलं, केस बघितले आणि म्हणाला, "हे काय, उरलेले उधार ठेवून आलीस?" एरवी ती हसली असती. आज ती स्वयंपाकघरात उभी राहिली आणि सगळं सांगितलं, चपलाही न काढता. तो ऐकत गेला. शेवटी त्याचा चेहरा पडला आणि तो म्हणाला, "इतकी वर्षं मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?" आणि तिचा तोल गेला. दिवसभर जो राग तिने मोजून मापून वापरला होता तो सगळा भसकन बाहेर आला. "म्हणजे आता हा तुझा विषय झाला का? तुला सांगितलं नाही, हा? त्या माणसाने माझ्या मानेवर हात ठेवला आणि तुझं मन दुखावलं, असं झालंय का हे?" तो ओट्याशी जाऊन उभा राहिला, पाठमोरा, नळ सोडून बंद केला, परत सोडला. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "चुकलं. सांग, अजून सांग." ती जमिनीवरच बसली. तो समोर बसला. तिने मैत्रिणीचं सांगितलं, सोल्युशनचं सांगितलं. नंतर त्याने शिवणाची कात्री आणली, तिच्यासमोर धरली आणि विचारलं, "मी करू सारखे? समोरून करतो. मागे येत नाही." केस अगदी गबाळे कापले गेले. ती खोलीतल्या आरशासमोर बराच वेळ रडली, आणि रडून झाल्यावरही राग तसाच होता, जराही भिजला नव्हता.

पुढे गोष्टी हलल्या, पण गाडा चिखलातून हलतो तशा. बाहेरच्या माणसांची चौकशी समिती आली. सरांना चौकशी संपेपर्यंत संस्थेत यायची बंदी झाली. त्यावर काही जणांनी सह्या करून निषेध केला. त्यात तो भला सहकारीही होता. तिच्या विभागात येणारी माणसं गुड मॉर्निंग म्हणायची आणि यंत्राकडे बघायची. मैत्रिणीचा फोन मात्र आला. कुठून कळलं कोण जाणे. आवाज तसाच, तिखट. "माझं पण घाल त्यात," ती म्हणाली. "मी येते. कधी यायचं ते सांग, शाळेतून रजा काढते." आणि मग बोलता बोलता तिचा आवाज एकदम फाटला आणि तिने फोन ठेवला. पोरगीला दुसऱ्या गाइड मिळाल्या. त्यासाठी मॅडमना संचालकांच्या दारात इतक्यांदा जाऊन उभं राहावं लागलं की शिपायाने खुर्चीच आणून ठेवली. पोरगी साक्षीबद्दल काही बोलायची नाही आणि मॅडम विचारायच्या नाहीत.

चौकशीच्या दिवशी ती गेली तेव्हा बाहेरच्या खोलीत पोरगी आधीच बसलेली होती. गळ्याला रुमाल नव्हता. "मी पण सांगणार आहे," ती म्हणाली. हात तिने मांडीखाली दाबून धरले होते. "पण मला खूप भीती वाटतेय."

"मलाही."

"तुम्हाला? तुम्ही तर नुसत्या चिडलेल्या दिसता."

"दोन्ही आहे."

तेवढ्यात सर आले. त्यांना वेगळी वेळ दिली होती, पण ते आधीच आले होते. सोबत कुणी नव्हतं. एकटे, वाळलेले, सदऱ्याचं एक बटण चुकलेलं. समोरच्या बाकावर हळूच टेकले. गुडघे दुखत असावेत. तिच्या मनात कीव उभी राहिली, अगदी नकळत, आणि तिला त्या किवेचाच संताप आला. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे! या गुडघ्यांसाठी सुद्धा आता आपणच हळहळायचं?

"बाळ," सर म्हणाले. त्याच मऊ आवाजात. "या सगळ्याची गरज होती का?"

"मला नाव आहे, सर," ती म्हणाली. "तक्रारीवर लिहिलंय. वाचून या."

आतून हाक आली. कुणाला बोलावलं ते नीट कळलं नाही. ती उठायला लागली, तर पोरगीने तिचा दंड धरून तिला खाली बसवलं. "मी आधी जाते," ती म्हणाली आणि गेली. दार लागलं. आतलं काही ऐकू येत नव्हतं. अधूनमधून पोरगीचा आवाज वर चढायचा, मग पुन्हा गप्प. बाहेर दोघंच उरली. तिने आपली खुर्ची सरांच्या अगदी समोर ओढली आणि त्यांच्याकडे बघायला सुरुवात केली. तासन् तास नजर न हलवता बघत बसणं हे तिचं कामच होतं. सरांनी घड्याळ बघितलं. चष्मा पुसला. पायावरचा पाय बदलला. शेवटी ते उठून खिडकीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. तिने खुर्ची तिकडे वळवली.